सात वाजताचं ताट

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. माझ्या बायकोची तब्येत सुधारायला लागली होती आणि ती मी बिघडवली. चुकून नाही, ठरवून.

चार वर्षांपूर्वी तिला शुगर निघाली. आम्ही केडगावला राहतो. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तोंडाने फटकळ. डाएट-बिएटच्या भानगडीत पडू नका म्हणाल्या. भाकरी-कालवण जे खाता तेच खा, पण वेळेवर, ताजं आणि पोटापुरतं. जेवल्यावर अर्धा तास चाला. मग त्यांनी विचारलं, घरात सगळ्यांच्या शेवटी कोण जेवतं? मीच, बायको म्हणाली. बाई म्हणाल्या, "म्हणजे उरलेलं तुम्हीच संपवता. पोट आहे ते, खरकट्याची बादली नाही."

आमच्याकडे घरातली बाई मागून जेवते आणि भांड्याच्या तळाला जे असेल ते संपवते. त्याला नियम कुणी म्हणत नाही, पण मोडला की सगळ्यांना दिसतो. बायकोने तो मोडला. मी साडेआठला कामावरून येईपर्यंत ती सातला जेवून, बूट घालून पुणे रोडपर्यंत चालून आलेली असायची. साडीवर बूट. मला गरम वाढायची, पण माझं होईपर्यंत ताटकळत बसायची नाही. तीन महिन्यांत शुगर उतरली, गुडघे दुखायचे थांबले, चेहरा तरतरीत झाला. मला तो चेहरा बघवेना.

त्यात शेजाऱ्याने एकदा टोमणा मारला, वहिनी रोज फिरायला जातात, मग तुम्हाला वाढतं कोण? मी हसलो. घरी आलो, भात जास्त वाढून घेतला आणि अर्धा ताटात तसाच सोडून उठलो.

ते रोजचंच झालं. तिचं लहानपण ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापाबरोबर कारखान्याच्या तळावर, पाचटाने शाकारलेल्या कोपीत गेलेलं. अन्न टाकायला तिचा हात धजत नाही. हे मला पक्कं माहीत होतं, म्हणूनच मी ते केलं. आठवडाभर तिने ते गिळलं. स्वतःचं जेवण झालेलं असताना, माझ्या ताटातलं, ओट्याशी उभ्या उभ्या. मग एका दुपारी मी डबा उघडला तर पोळी-भाजी नाही, माझ्याच भाताला फोडणी घातलेली. दुसऱ्या दिवशीही तेच. घरी येऊन आवाज चढवला, तर शांतपणे म्हणाली, "तुमचंच उष्टं आहे. तुम्हाला चालत नाही, तर मला कसं चालावं?"

उत्तर सुचलं नाही की माझ्यासारखा माणूस आईला फोन करतो.

आई पाथर्डीकडे गावी असते. तिला सांगितलं, सून माझ्याआधी जेवते, संध्याकाळची एकटी हिंडते, लोक हसतात, तू ये. आणि मी फोन केला होता हे तिला कळू देऊ नको. तिसऱ्या दिवशी आई पिशवी घेऊन एसटीतून उतरली. सहज आले म्हणाली आणि महिनाभर राहिली. सातला बायकोने ताट घेतलं की ही समोर येऊन बसायची.

"जेव बाई, जेव. नवरा मरमर करून येतोय, तू आदी भरून घे. आमाला न्हाई कुनी शुगर काढून दिली."

एका रविवारी आईने तिचे बूट उचलून बाहेर भिरकावले. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी मोबाईलकडे पाहत बसलो.

महिना संपायच्या आत बायको पुन्हा शेवटी बसायला लागली. आई गावी परतली तरी तसंच. मनात आणलं असतं तर मी एका वाक्यात ते सुरू करू शकलो असतो, सातला जेवून घे, फिरून ये. म्हणालो नाही. मला जे हवं होतं ते मिळालं होतं.

मागच्या वर्षी तिला इन्सुलिन सुरू झालं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, एवढं छान चाललं होतं, मग सोडलंत कशामुळे?

"सासूबाई आल्या होत्या," बायको म्हणाली. "त्यांना खपलं नाही."

मी शेजारच्याच खुर्चीत होतो. जुन्या वळणाची माणसं, असं काहीतरी पुटपुटलो आणि मान हलवली.

आता ती पुन्हा सातला जेवते. सुट्टीच्या दिवशी मी बरोबर बसतो, बरोबर चालतो. बायकोची किती काळजी घेता, असं शेजारी म्हणतात आणि मला त्यांना तिथंच गप्प करावंसं वाटतं. घरी ती आईचं नाव काढत नाही. गावी पाऊल टाकत नाही. दिवाळीला मी एकटाच जाऊन येतो.

आई फोनवर विचारते, "ती का बोलत न्हाई रं माझ्याशी? म्या तर तुझ्यापायी बोलले हुते." मी म्हणतो, कामात असते. एवढं होऊनही आईने माझं नाव तिला सांगितलेलं नाही. मी बजावलं होतं म्हणून.

इथे लिहून काही फिटत नाही. आईला मीच बोलावलं होतं, हे बायकोला तोंडाने सांगायचं माझ्याकडे बाकी आहे, आणि तेही आईसमोर.