पारावरचा थांबा

"उतर खाली! धर्म बदलला म्हणून पार नाही बदलला."

सरपंच वरडला. साऱ्या गावासमोर. मी मायचा हात धरून मारुतीच्या पारावर चढली होती, एसटीची वाट पाहाले. कापूस वेचता वेचता मायच्या डोळ्यात पऱ्हाटीचं टोक गेलतं. डोळा लालभडक, त्यावर पदराचा बोळा दाबून धरलेला. यवतमाळच्या दवाखान्यात नेणं भाग होतं, अन् गाडी दिवसातून एकच. मी उतरत नव्हती. मायनंच भिऊन मले खाली ओढलं.

हा थांबा पारावर कसा आला, तेही सांगते. गावात गाडी पायजे तर रस्ता अन् थांब्याची जागा ग्रामपंचायतीनं द्याची, असं वरून सांगितलं होतं. तवा सरपंच आमच्या बौद्ध वस्तीत आला. जन्मात कधी पाय ठेवला नव्हता त्यानं. "रस्ता साऱ्यायचा, गाडी साऱ्यायची," म्हणे. आमचे लोक भुलले. वस्तीमागचं टेकाड खांदून मुरूम वाहिला. फुकट. श्रमदान म्हणे! मीबी टोपल्या वाहिल्या. टेकाडाच्या जागी खड्डा झाला, पावसाळ्यात त्याचं पाणी आमच्याच घरात शिरते. अन् थांबा ठेवला मारुतीच्या पारावर. आमची सावली पडली तरी जिथं इटाळ होते, तिथं. गावात दुसरी जागा नव्हती काय? होती ना! मले तवाच समजाले पायजे होतं.

आम्ही खाली उतरलो तसा सरपंचाचा आवाज मऊ झाला. "नाल्यापाशी उभ्या राहा. डायवरले सांगून ठेवलं हाय."

नाल्यापाशी गेलो. गाडी आली. मी हात केला, बोंबलली, रस्त्यावर धावली. गाडी धुराळा उडवत निघून गेली. सांगितलं होतं का यानं डायवरले? मले नाही वाटत. आजही नाही वाटत.

वस्तीतली एकुलती बैलगाडी त्या दिवशी बाजाराले गेलती. दुसऱ्या दिवशी तिच्यातूनच मायले बोरीच्या फाट्यापर्यंत नेलं, तिथून दुसऱ्या एसटीनं यवतमाळ. डॉक्टरनं डोळा उघडून पाह्यला.

"काल काहून नाही आणलं?"

डोळा गेला. माय म्हणे, "जाऊ दे पोरी, एक तं हाय ना." माह्या अंगाची लाही लाही झाली.

आम्ही परत आलो त्याच सांजेले सरपंच वस्तीत हजर. "नाल्यापाशी तुमचा वेगळा थांबा करून देतो. टिनाचं शेडबी घालतो. मंग तर झालं?" आमचे लोक खूश! म्हातारे हात जोडाले लागले. या सरपंचाच्या तोंडात साखर आली का मी हातातला इळा खाली ठेवत नाही. आज थांबा वेगळा, उद्या गाडीतली बाकडी वेगळी, परवा म्हणतीन मागं उभे राहा. अन् तक्रार केली तर म्हणतीन, तुम्हीच तं मागतलं होतं.

मी म्हाताऱ्यायच्या पुढं झाली.

"शेड तुमच्या बैलायले बांधा," म्हटलं. "परवा मायची पट्टी बदलाची हाय. आम्ही पारावरून गाडीत बसू. अन् या खेपेले माय मले ओढणार नाही, मी तिले सांगितलं हाय. तुमच्यात दम असन तर तुम्ही हात लावून उतरवा."