साडूंचा आवाज

आमच्या थोरल्या साडूंइतका एकटा गाणारा माणूस वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर झाला नसेल. आरमोरीच्या बाजारात त्यांचं शिलाईचं दुकान होतं, पण पाय शिवणयंत्रापेक्षा ढोलाच्या पेडलवरच जास्त चाले. पाय ढोलावर, हात कीबोर्डवर आणि तोंड माइकला, असा एका माणसाचा अख्खा ऑर्केस्ट्रा ते लग्नांत मांडायचे. नाटक कंपन्यांनी बोलावलं तरी गेले नाहीत. "दुसरा मानूस आला का गान्यात भांडन येते," म्हणायचे. गाणी फक्त स्वतः रचलेली, आणि भर मे महिन्यातही अंगात काळा कोट. लोक पंगतीत खाली मान घालून जेवत, वरण वाढणाऱ्याची हाक यांच्या सुराच्या वर जाई. तलावाच्या पाळीवर रियाज सुरू केला तेव्हा ढिवरांनी हात जोडले, "भाऊ, मासे पळून राह्यले." ही गोष्ट साडू पुढे कौतुकानं सांगत. माणसांपेक्षा मासोळीला गाणं लवकर कळतं, असं त्यांचं मत झालं होतं.

उमेदीची सगळी वर्षं अशी गेली. मग तंबाखू-सुपारीच्या खर्र्यानं गळा धरला. नागपुरात ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण आवाजाच्या जागी नुसती घरघर उरली. आणि नेमकं त्यानंतर कुण्या मुलीनं आपल्या लग्नातलं त्यांचं जुनं गाणं मोबाइलवर टाकलं. धानाच्या रोवण्याला गेलेल्या बाईची वाट पाहणाऱ्या नवऱ्याचं गाणं होतं ते. महिन्याभरात चिखलात वाकलेल्या बाया तेच गाऊ लागल्या. गावोगावची बोलावणी आली. साडू काळा कोट चढवून जात, रेकॉर्ड लागे, आणि ते स्वतःच्याच आवाजावर नुसते ओठ हलवत.

सिंदेवाहीला मी सोबत होतो. भर दुपारी, गाणं रंगात असताना लाइट गेली. साडूंचे ओठ दोन क्षण तसेच हलत राहिले. पुढून एक जण म्हणाला, "हा तो नाई. त्याचा आवाज कुठी हाय?" काही लोक हसले. स्टेजवरून मला खाली पाहवेना. तेवढ्यात मागच्या बायांनी गाणं उचललं, "बांधावरून थे आली..." साडूंनी हात वर केला. सगळे थांबले. स्टेजच्या कडेला येऊन, गळ्याच्या शिरा ताणून ते घरघरले, "आली नाई. 'येईन' हाय. अजून आली नाई थे." बायांनी ओळ पुन्हा धरली, या वेळी बरोबर.

परतीच्या बसमध्ये पुढच्या सीटवरच्या बाईच्या फोनवर तेच गाणं वाजलं. तिनं मागं वळून पाहिलं, म्हाताऱ्याला त्रास होत असेल म्हणून आवाज कमी केला. साडूंनी हातानंच 'राहू दे' म्हटलं. गाणं संपेपर्यंत डोळे मिटून बसले. मग माझ्या कानाशी आले.

"चांगला गाते तो," म्हणाले. "पन जराशीक हळू गायले पाहिजे होतं त्यानं."