निरगुडीच्या पाल्यातला तांदूळ

ठेकेदारानं पोतं माझ्यासमोर उघडलं आणि मूठभर तांदूळ नाकाशी धरला. दाणा पांढरा, वास निरगुडीचा.

"काऊन अडवून राह्यले, बाबू? असा तांदूळ तुमच्या घरी तरी आहे का?"

आरमोरीच्या गोदामात मी धान्य-तपासनीस होतो. हा तांदूळ कुरखेड्याकडच्या कूपावर, म्हणजे बांबूतोडीच्या जंगलात, मजुरांसाठी जायचा होता. तिथं दुकान नाही. जे जाईल तेच शिजणार. माझ्या सहीशिवाय पोती हलत नव्हती.

पावसात हीच पोती भिजून हिरवी पडलेली मी पाहिली होती. ठेकेदारानं ती वाळवली, चाळली, पाला घालून पुन्हा शिवली. आमच्याकडे धान साठवायच्या ढोलीत निरगुडी घालतातच. तिचा वास आला की धान्य निगुतीनं राखलंय असं बाया समजतात. तो नेमका त्याच विश्वासावर टपला होता.

पाल्यानं बुरशी खुंटते, हे खरं. पण बुरशीनं वाढणं वेगळं आणि दाण्यात विष सोडणं वेगळं. काही औषधी पाल्यांनी विषही कमी होत असेल. काहींनी नुसता रंग जातो. निरगुडी यातली कुठली, हे तपासायला माझ्याकडे कोंबडीची पिल्लंच होती.

ढिवर मोहल्ल्यातल्या जनाबाईंकडून ती आणली. एका खुराड्यात चांगला तांदूळ आणि पाला, दुसऱ्यात नुसता भिजका, तिसऱ्यात भिजका आणि पाला. पहिल्यातली टुणटुणीत राहिली. उरलेल्या दोन्हींतली सारखीच मेली.

"मेलेली मी वापस घेत नाई, भाऊ," जनाबाईंनी पिल्लं देतानाच बजावलं होतं.

नागपूरहून आलेले साहेब म्हणाले, कोंबड्यांतली मानमोडीची साथ असेल. मग शेजारच्या, चांगल्या तांदळाच्या खुराड्यात ती का शिरली नाही, असं मी विचारलं. ते चिडले.

"दाणा स्वच्छ दिसतोय. सही करा. मजूर उपाशी राहिले तर जबाबदार कोण?"

"स्वच्छ दिसतोय म्हणूनच नाही करणार. हिरवा असता तर बायांनीच फेकला असता. उपाशी माणसापुढे विष वाढणं म्हणजे रेशन नव्हे. सहीचा अधिकार तुम्हालाही आहे, साहेब. तुम्ही करा."

मी पेन पुढे सरकवलं. त्यांनी टोपण लावून ते परत दिलं.

तांदूळ खड्ड्यात गेला. कूपावर ज्वारी गेली; भात खाणारे मजूर कुरकुरले, पण जेवले. माझी बदली गोंडपिपरीला झाली.

पाल्याशी माझं वैर नाही. चांगल्या धान्याची तो राखण करतो, सडक्यावर पांघरूण घालतो. आणि जी सही स्वतःला करवत नाही, ती दुसऱ्याकडे मागू नये.