भीमपलास वर जाताना

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आज सांगतेय तेही धीर आला म्हणून नाही — भीती वाढलीय म्हणून. गारखेड्यात माझ्या घरीच गाण्याचा क्लास आहे. सुजाता तिच्या मुलीला घेऊन जिना चढायला लागली, की माझे हात गार पडतात. विद्यार्थिनीच्या आईला कुणी घाबरतं का? मी घाबरते.

सुजाता आणि मी कॉलेजात असताना एकाच सरांकडे शिकायचो. ती मुकुंदवाडीहून सायकलवर यायची. तिचा आवाज — कसं सांगू? तिनं सा लावला की सर डोळे मिटून घ्यायचे. मी गाताना ते घड्याळ बघायचे. हे मला रोज दिसायचं.

मग सर म्हणाले, मैफलीत मागे तंबोऱ्यावर बसून साथ करायला दोघींपैकी एकीला घेईन, रविवारी गाऊन दाखवा. नेमके तेव्हाच सुजाताचे वडील आजारी होते. तिचा क्लास बुडत होता, आणि त्याच दिवसांत सरांनी रविवारी गायचा राग, भीमपलास, शिकवला.

शनिवारी दुपारी ती दवाखान्यातून थेट माझ्या घरी आली. रिकामा डबा हातातच होता.

"भीमपलास झाला म्हणं? आरोह-अवरोह तेवढा सांग गं. सरांना विचारायची लाज वाटती, लई दिवस बुडवलेत."

भीमपलासात वर जाताना रिषभ आणि धैवत घेत नाहीत. ते दोन्ही वगळून चढायचं. उतरताना मात्र सातही स्वर येतात. एवढंच तर सांगायचं होतं. मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं.

"सोपंय," मी म्हटलं. "जाताना सात, येताना सात."

"वर जाताना पण सगळे? नक्की ना?"

"व्हय गं. नक्की."

ती तिथंच बसून घोटायला लागली. मी मान डोलवत राहिले. तोंडाशी येत होतं — थांब, चुकलं माझं — पण तेवढ्यात आई चहा घेऊन आली, आणि आईसमोर कसं सांगायचं? आई आत गेली. तरी मी सांगितलं नाही.

रविवारी तिच्या पहिल्याच आरोहाला सरांनी हात वर केला. "हे कुणी शिकवलं?"

सुजातानं माझ्याकडे बघितलं. मी तंबोऱ्याच्या खुंट्यांकडे बघत बसले. आता माझं नाव घेईल, आता घेईल.

"माझंच चुकलं, सर," ती म्हणाली.

"न शिकता गायला बसायची हिंमत होते कशी?" सर लई लागेल असं बोलले. ती उठून गेली, ती पुन्हा क्लासला आली नाही. सरांच्या मागे मी बसले. लोक मला ओळखायला लागले ते तिथूनच, आणि हा क्लास चालतो तो त्याच ओळखीवर.

गेल्या वर्षी ती मुलीला घेऊन दारात उभी राहिली. "तुझ्याइतकं नीट कोण शिकवील?" म्हणाली. नाही म्हणायचीही भीती वाटली — का, असं विचारलं असतं तर?

वर्षभर मी भीमपलास टाळला. परवा पोरगीच म्हणाली, "मॅडम, परीक्षेला भीमपलास आहे." सुजाता कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली होती. काय करणार होते? शिकवला. वर जाताना रिषभ-धैवत नाहीत, हे सांगताना माझा आवाज कापला. सुजातानं मान वर केली.

तास संपल्यावर तिनं मुलीला खाली गाडीपाशी पाठवलं.

"म्हणजे तेव्हा मीच चुकीचं ऐकलं असंल," ती सावकाश म्हणाली. "व्हय ना?"

ती सरळ माझ्या डोळ्यांत बघत होती. तिला कळलंय का? की मला बोलायला जागा करून देत होती? मला समजलं नाही. समजून घ्यायची हिंमतही झाली नाही.

"असेल," मी म्हटलं. "लई वर्षं झाली आता."

तिनं पर्स उचलली आणि ती गेली.

तिनं चुकीचं ऐकलं नव्हतं. मी चुकीचं सांगितलं होतं, जाणूनबुजून. आणि परवा, तिनं तोंडावर विचारल्यावर, पुन्हा खोटं बोलले.