मुदत संपलेलं उत्तर

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नगरच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकवत होते. खेड्यांतून येणाऱ्या मुलांसाठी इंटरनेटच्या शब्दांच्या मराठी व्याख्या लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. माझ्या वाट्याला नावांची व्यवस्था आली. आपण नाव टाइप करतो, आणि त्या नावाचं यंत्र कुठल्या आकडी पत्त्यावर आहे ते ही व्यवस्था शोधून देते. मी असे जडजंबाळ शब्द घडवले की वाचताना मलाच धाप लागे.

वडील, आमचे दादा, भिंगारचे रिटायर पोस्टमन. व्याख्या त्यांना वाचून दाखवायची आणि त्यांना कळली नाही तर खोडायची, असं आमचं ठरलं होतं. 'प्रत्यायोजन' ऐकून त्यांनी विचारलं, हे औषध जेवणाआधी घ्यायचं की नंतर? मी चिडले, पण शब्द खोडला. त्या जागी लिहिलं: आपल्या हद्दीतल्या काही नावांची नोंदवही दुसऱ्याच्या हाती सोपवणे. हे त्यांना पटलं.

मग 'कॅशे' आला, म्हणजे जवळ साठवलेलं उत्तर. मी वाचलं, "एकदा मिळालेलं उत्तर ठरावीक मुदतीपर्यंत जवळ ठेवायचं. तोवर कुणी विचारलं तर तेच द्यायचं. मुदत संपली की ते टाकून द्यायचं आणि ज्याच्याकडे मूळ नोंद आहे त्याला नव्याने विचारायचं."

दादांनी ते तीनदा वाचायला लावलं. कळलं नाही असं समजून मी खोडायला पेन उचललं.

"खोडू नको," ते म्हणाले. "मी हे केलं न्हाई. बारा वर्सं झाली."

मग त्यांनी सांगितलं. भिंगारच्या बाजारामागे एक विधवा आक्का राहायची. तिचा एकुलता मुलगा फौजेत होता. एकदा ती काही महिन्यांसाठी कोपरगावला लेकीकडे गेली, तेव्हा तिची पत्रं तिकडे पाठवायचा अर्ज पोस्टात दिला होता. अशा अर्जाला मुदत असते. दादांना मात्र अर्ज बघायची गरज कधीच वाटली नाही, सगळं भिंगार त्यांना तोंडपाठ होतं. पत्ता बदलला की जुन्यावर तांबड्या पेन्सिलीची रेघ आणि शेजारी नवा पत्ता, ही त्यांची पद्धत. मुदत संपली, आक्का परत आली, आणि त्याच आठवड्यात तिला एक पत्र आलं. पाकिटावर भिंगारचा बरोबर पत्ता होता. दादांनी त्यावर रेघ मारली आणि कोपरगाव लिहिलं.

पत्र फिरून आलं नवव्या दिवशी. आक्काला वाचता येत नव्हतं, म्हणून दारात उभं राहून दादांनीच ते वाचून दाखवलं. मुलगा पुण्याच्या लष्करी दवाखान्यात होता आणि आईला बोलावत होता. ती तशीच एसटीने निघाली. पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. पत्राला एवढा उशीर कसा झाला, असं तिने नंतर विचारलं. दादा म्हणाले होते, टपालाचं असंच असतं.

रिटायर होईपर्यंत ते तिच्या दारी टपाल देत राहिले आणि तिच्या हातचा चहा पीत राहिले. मला त्यांचा राग आला. एवढा खरा माणूस, आणि एवढी वर्षं खोटं पोटात ठेवून! मी म्हटलं, चला, आत्ता जाऊ. ते लहान मुलासारखे माझ्यामागे निघाले.

आक्का दारातच शेंगा फोडत बसली होती. दादांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. ती मान खाली घालून ऐकत राहिली. मग आत गेली आणि पत्र्याच्या डब्यातून ते पाकीट घेऊन आली. तांबडी रेघ अजून स्पष्ट दिसत होती.

"मला वाचता येत न्हाई, भाऊ, पन ही रेघ वळखते," ती म्हणाली. "तुमच्याबिगर कोन मारतं अशी? तवाच कळलं हुतं."

दादांनी विचारलं, मग बोलली का नाहीस?

"तुमी सांगाल म्हनून वाट बघत हुते."

दादा तिच्या पायरीवर बसले आणि रडले. तिने त्यांना पाणी दिलं. माफ केलं असं काही ती म्हणाली नाही.

घरी आल्यावर त्यांनी व्याख्येत एक ओळ घालायला सांगितली. तशी सोय त्या यंत्रांतही आहे, म्हणून मला ती घालता आली: उत्तर मूळ नोंदीतलं नसून जवळ साठवलेलं असेल, तर देणाऱ्याने तसं सांगायचं असतं.