खळीची बादली आणि बाईंचे स्फटिक

ज्या तोंडानं हजार माणसांसमोर घोषणा दिल्या, त्याच तोंडानं एका बाईसमोर खरं बोलताना तुमची कधी बोबडी वळलीय? कोंडीराम घाडीची वळली होती.

सत्तावन्न साल. नायगावच्या बीडीडी चाळीतला कोंडीराम परळच्या एका प्रयोगशाळेत हमाल होता. शाळा चौथीपर्यंत, बाकीचं शिक्षण भिंतीवरच्या पत्रकांत. वेगळ्या महाराष्ट्र राज्यासाठी लढणाऱ्या समितीचा कार्यकर्ता म्हणून रुबाब एवढा, की नळावरच्या रांगेतसुद्धा भाषणाच्या सुरात बोलायचा.

पोलिसांनी समितीची खळीची बादली जप्त केली. पोस्टरं तर चिकटवायलाच हवीत. घरची बादली पोलीस ओळखतील या भीतीनं या शूरानं प्रयोगशाळेतली, प्रयोगाचं पाणी भरायची एनॅमलची बादली उचलली आणि कुणाला कळू नये म्हणून तिच्या जागी घरची ठेवली.

"माजी बादली खंय?" बायको जाईबाईनं विचारलं.

"महाराष्ट्राच्या कामाला गेली."

"मगे पाणी महाराष्ट्राक भरूक सांगा!"

प्रयोगशाळेतल्या ललिता कारखानीस बाई वर्षभर यकृतातल्या एका प्रथिनाचे स्फटिक पाडायला धडपडत होत्या. पडायचा नुसता गढूळ गाळ. त्या आठवड्यात मात्र नळीच्या तळाशी चकचकीत खडे दिसले. कोंडीरामला वाटलं, आपलाच पायगुण.

दोन महिन्यांनी जाईबाईनं बादली परत आणायला लावली. एनॅमलची घासूनपुसून जागेवर गेली, आणि पुन्हा गाळ. मोठ्या साहेबांनी बजावलं, महिनाअखेर स्फटिक पुन्हा दिसले नाहीत तर हे काम बंद.

"माझ्याच हाताला काही झालंय का हो, कोंडीराम?" बाई दहादा हात धूत विचारायच्या.

बादलीशिवाय काही बदललं नव्हतं, हे त्याला कळत होतं. पण बोललं तर चोरी उघडी, नोकरी जाणार. लाठीला छाती दाखवणारा गडी पंधरा दिवस फरशी पुसत राहिला. फरशी इतकी स्वच्छ कधीच नव्हती.

महिनाअखेरीला बाई नळ्या खोक्यात भरू लागल्या, तेव्हा त्याला राहवेना.

"बाई, बादली."

"भरलीय ना?"

"तसं नाय ओ. ही एनॅमलची मधे दोन महिने इथं नव्हतीच. खळीला नेली होती मी. इथं आमच्या घरची होती, जस्ताची."

बाई कपाळावर हात मारून हसू लागल्या. "म्हणजे पाण्यात जस्त उतरलं! इन्सुलिनचे स्फटिक पाडायलाही जस्त लागतं. वाचलं होतं, आणि विसरले! प्रथिनाच्या घडीत एक खाच असणार. तिथं धातूचा कण बसला, की रेणू शिस्तीत रांग धरतात."

"म्हणजे जस्त आलं की मोर्चा, नायतर नुसती गर्दी. पण बसतो कुठं तो?"

"ते अजून कुणाला दिसलेलं नाही. आणि तुमची अक्कल पंधरा दिवस कुठं बसली होती?"

चिमूटभर जस्ताचा क्षार घातल्यावर स्फटिक आले. काम वाचलं. आता वहीत कारण लिहायचं होतं.

"काय लिहू? खरं लिहिलं तर साहेब वाचणार."

"लिवा. समितीचं नाव नको, माझं लिवा."

साहेबांनी वाचलं. कोंडीरामची रवानगी तळमजल्यावर सशांच्या पिंजऱ्यांकडं झाली. ससे भाषण ऐकत नाहीत, उलट पानं चावत पाठ फिरवतात.

आता चाळीत गोष्ट सांगताना तो असा सूर लावतो, जणू जस्त त्यानंच शोधलं. तुमच्या कानावर पडली तर एवढं करा: त्याला मधेच अडवून विचारा, पंधरा दिवस तोंड का शिवलं होतंस? तापेल, शिव्या घालेल. तरी विचाराच.