टाचेजवळचा लाल डाग

ठिपके काढायला कोणी पगार देतं, हे तिच्या सासूला शेवटपर्यंत पटलं नाही. पण कृत्रिम पावलं बनवणाऱ्या त्या कारखान्यात ठिपकेवालीला तो एकवीस वर्षं मिळत होता. कार्बनच्या कापडाचे थर एकावर एक चिकटवून, भट्टीत भाजून काढलेलं पाऊल तिच्यापुढे यायचं. त्याला ती पांढरा रंग द्यायची आणि बारीक ब्रशने त्यावर हजारो काळे ठिपके काढायची. मग यंत्र पावलावर माणसाएवढा भार टाकायचं, दोन कॅमेरे फोटो काढत राहायचे, आणि कोणता ठिपका शेजाऱ्यापासून किती सरकला ते पाहून संगणक सांगायचा, पाऊल कुठे जास्त ताणलं जातंय. तिथे पडद्यावर लाल रंग उमटायचा.

ठिपके मात्र ओळीत नकोत. सगळीकडे सारखे दिसले की कॅमेऱ्याचा गोंधळ होतो. घरात चमचेसुद्धा उंचीप्रमाणे लावणाऱ्या या बाईला पसारा शिकायला सहा महिने लागले, पण शिकली आणि मग त्यात तिचा हात धरणारं कोणी उरलं नाही.

तिचा नवरा पलीकडच्या शेडमध्ये ते थर लावायचा. प्रत्येक थरावरचं पातळ प्लास्टिक सोलून टोपलीत टाकायचं आणि शेवटी टोपलीतले तुकडे मोजायचे, जेवढे थर तेवढे तुकडे. कपाळावरचा चष्मा घरभर शोधणारा हा माणूस तुकडे मोजायला मात्र कधी विसरत नसे.

त्या मंगळवारी एका नव्या पावलावर भार चढला आणि पडद्यावर टाचेजवळ नखाएवढा लाल डाग उमटला. साहेबांनी डागाकडे पाहिलं, मग तिच्या जाड चष्म्याकडे. बाकीचे आकडे चांगले आहेत, म्हणाले, रंगाचा पोपडा सुटला असणार. ठिपके बिघडले असं लिहून सही करा, पाऊल पास करून टाकू. खापर फोडायला ठिपके बरे सापडतात! पण तिलाही आतून धाकधूक होतीच. डोळ्यांतला दाब वाढलाय, असं डॉक्टरांनी गेल्याच आठवड्यात सांगितलं होतं, आणि ते तिने कारखान्यात कोणाला कळू दिलं नव्हतं.

तिने पर्समधून एक नाणं काढलं, डोळे मिटले आणि टाचेवर हलकेच वाजवत गेली. सगळीकडे खणखणीत, आणि डागापाशी आवाज एकदम बसका. आत पोकळ होतं.

मग तिने पावलाच्या चिठ्ठीवर थर लावल्याची तारीख वाचली. त्याच दिवशी नवरा काम अर्धवट टाकून तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला होता. परत येऊन घाईघाईने थर पुरे केले होते. आपलेच दात, आपलेच ओठ. एक सही केली की तो वाचत होता.

पेन बराच वेळ तिच्या हातात होतं.

“साहेब, ठिपके ठीक आहेत,” ती म्हणाली. “पाऊल कापून बघा.”

कापलं. चौथ्या आणि पाचव्या थरांमध्ये, टाचेला बळकटीसाठी घातलेल्या छोट्या ठिगळावरचा नाण्याएवढा प्लास्टिकचा तुकडा निघाला. नवऱ्याने कोणी विचारायच्या आत कबूल केलं, मोजले नव्हते. मध्येच उठून का गेलात, याला मात्र ‘घरचं काम होतं’ एवढंच उत्तर दिलं. तिच्या डोळ्यांचं नाव काढलं नाही. त्याला थरांवरून उठवून खोकी भरायला बसवलं.

संध्याकाळी घरी तो कसाबसा जेवला. ताटं उचलताना म्हणाला, “सही केली असतीस, तर कोणी काही विचारलं नसतं.”

“कोणीतरी त्या पावलावर उभं राहणार होतं हो.” तिने ताटं त्याच्या हातातून घेतली. “आणि उद्या मी साहेबांना माझ्या डोळ्यांचं सांगणार आहे.”

तिला फार वाईट वाटत होतं, पण सही न केल्याचं नाही. थोड्या वेळाने तो डोळ्यांच्या औषधाची बाटली घेऊन आला, रोजच्यासारखी तिची हनुवटी वर केली. रोज तो थेंब गुपचूप टाकायचा.

“उजव्यात एक,” तो आज मोठ्याने म्हणाला. “डाव्यात एक. झाले दोन.”